घोड्याचे हिवाळी केशावरण व थंडीतील घाम : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

हिवाळ्याच्या आरंभी घोड्याच्या अंगावरील केस लांब व दाट होतात आणि वसंताच्या सुमारास ते गळून पडतात, ही गोष्ट घोडा बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. हे केस कशामुळे येतात, त्यांचा उपयोग कितपत होतो आणि त्याच केसांमुळे ऐन थंडीत घोडा घामाने निथळू लागला असता काय करावे, यासंबंधीचे जे ज्ञान आज पुस्तकांतून मिळते ते बहुतांशी इंग्लंड, उत्तर युरोप व उत्तर अमेरिका येथील अनुभवावर आधारलेले आहे. तेथील सल्ला जसाच्या तसा उचलून दख्खनच्या घोड्याला लावला तर तो काही बाबतींत निरुपयोगी, तर काही बाबतींत अपायकारकही ठरतो. भोर व वेल्हे हा पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचा डोंगराळ मुलूख या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड असे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला; येथे परिसराचे रूढ नाव योजिले आहे.)

या मुलखात घोडा विशेषेकरून दोन कामांत दृष्टीस पडतो. पहिले काम मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचे. दिवाळी आटोपली की दख्खनच्या कोरड्या पूर्व भागांतून मेंढ्यांचे कळप पश्चिमेकडे निघतात आणि त्यांतील काही भोरवरून वरंधा घाटाने महाडच्या बाजूस कोकणात उतरतात. पावसाळ्यापूर्वी ते परततात. या प्रवासात भांडीकुंडी, धान्य, अंथरूण-पांघरूण, नुकतीच जन्मलेली कोकरे, कोंबड्या आणि प्रसंगी लहान मूल हे सारे घोड्याच्या पाठीवर असते. ही घोडी बहुधा भीमथडी वळणाची असतात. भीमा व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेल्या आणि मराठ्यांच्या घोडदळामुळे इतिहासात गाजलेल्या या जातीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी २०२४ साली झाली. घाटमाथ्यावर स्थायिक असलेले गवळी धनगर यांहून वेगळे. त्यांचे धन म्हशी व गाई, आणि प्रस्तुत प्रश्नाशी त्यांचा संबंध थोडाच येतो. दुसरे काम लग्नसराईतील वरातीच्या घोडीचे. हे काम वरवर हलके भासते, परंतु घामाच्या दृष्टीने तेच अधिक धोक्याचे आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम केसांच्या उत्पत्तीचा विचार करू. थंडी पडली म्हणून घोड्याला केस येतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. केशावरणाचे मुख्य नियमन हवेच्या तापमानाने होत नसून दिवसमानाने होते. डोळ्यांवाटे मिळणारी प्रकाशाची वार्ता मेंदूतील पीनियल ग्रंथीपर्यंत पोहोचते. रात्र जितकी लांब तितका वेळ ही ग्रंथी मेलाटोनिन हा अंतःस्राव सोडते. आणि त्यामुळे पिट्युइटरी ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिनचे प्रमाण उतरते. प्रोलॅक्टिन उतरले की हिवाळी केस वाढू लागतात व ते चढले की गळू लागतात. थंडी, आहार, वय व जात यांमुळे केसांची लांबी व दाटी कमीअधिक होते, परंतु प्रारंभाची खूण प्रकाशाची असते. उत्तर गोलार्धातील पैदास केंद्रांत हिवाळ्यात तबेल्यामध्ये दिवे लावून घोडीला सुमारे सोळा तासांचा कृत्रिम दिवस दाखवितात. हेतू असतो तो तिला लवकर माजावर आणण्याचा, पण त्याबरोबर तिचे केसही वेळेआधी गळून अंग तुळतुळीत होते. बाहेर थंडी तशीच असते. दिवसमानाच्या उपपत्तीला याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको.

आता भोर सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा व सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे अंतर सव्वादोन तासांचे. ५२ अक्षांशावरील दक्षिण इंग्लंडात हेच अंतर सुमारे नऊ तासांचे पडते. येथील घोड्याचे हिवाळी केस तेथल्या मानाने आखूड व विरळ असतात त्याचे एक कारण हे असावे; जातीचा वाटा अर्थातच वेगळा. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. दसऱ्यापासूनच घोड्यावर झूल घातली म्हणजे केस येणार नाहीत, असा जो प्रयत्न हौशी मालक करतात, त्यास विशेष यश येत नाही. आवरण वाढण्याची आज्ञा दिवस उतरू लागल्यावर, म्हणजे ऐन पावसाळ्यातच सुटलेली असते. झुलीने केस थोडे आखूड राहतील किंवा चापून बसतील, इतकेच.

हे आवरण कार्य कसे करते? केसांमध्ये स्थिर हवेचा थर अडकून राहतो आणि स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. थंडी वाढली की त्वचेतील सूक्ष्म स्नायू केस उभे करतात व हा थर जाड होतो. त्वचेतील तेलकट स्रावामुळे हलका पाऊस किंवा दव वरच्या टोकांवरूनच ओघळून जाते. समशीतोष्ण हवेला सरावलेल्या, पोटभर खाणाऱ्या प्रौढ घोड्याला साधारणतः ५ ते २५ अंश सेंटिग्रेड या मर्यादेत शरीराचे तापमान राखण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागत नाही, असे मानले जाते. अतिशीत प्रदेशांतील सरावलेले घोडे तर शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत निभावून नेतात. पुण्याचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असते व दुपारचे ३० अंशांच्या जवळ जाते. पुण्यात आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान १.७ अंश, आणि तो दिवस १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे शून्याची पातळी या विक्रमी दिवशीही गाठली गेली नाही. तेव्हा केवळ तापमानाचा विचार केला तर कोरड्या अंगाच्या, निरोगी घोड्याला या मुलखात पांघरुणाची गरज सहसा पडू नये.

परंतु यात ‘कोरड्या अंगाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. इंग्लंडातील हिवाळ्यात दिवस व रात्र यांमधील फरक थोडा असतो. तेथे घोडा सतत थंडीत असतो. भोर-वेल्ह्यात पहाट व दुपार यांमध्ये पंधरा-वीस अंशांची तफावत पडते. पहाटेसाठी वाढलेले केस दुपारी ओझ्याखाली चढ चढताना अंगावर असतातच. ते उतरवून ठेवता येत नाहीत. स्नायू कामाला लागले की खर्च होणाऱ्या शक्तीपैकी सुमारे तीनचतुर्थांश वा त्याहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. केसांच्या थरामुळे ती उष्णता सहज निघून जात नाही आणि मग घामाचा आश्रय घ्यावा लागतो. वरंधा घाट उतरून कोकणात गेल्यावर तर स्थिती आणखी बिकट होते, कारण दख्खनच्या दिवसमानावर वाढलेले तेच केस तेथील दमट व उबदार दुपारी अंगावर असतात आणि हवेतील बाष्पामुळे घाम वाळतही नाही.

घोड्याच्या घामाचे काही विशेष आहेत. त्यात लॅथेरिन नावाचे एक प्रथिन असते. ते साबणाप्रमाणे पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे त्वचेवर आलेला घाम तेलकट केसांवरून त्यांच्या टोकांपर्यंत पसरतो व तेथून वाळतो. जेथे तंग किंवा लगामाचा पट्टा घासतो तेथे त्याचा पांढरा फेस होतो. उन्हाळ्यात ही योजना उत्कृष्ट ठरते. परंतु दाट केसांत तिचा परिणाम उलटा होतो. जे केस दवाचे पाणी वरच्या वर झटकून टाकतात तेच आतून आलेल्या घामाने मुळापासून भिजतात. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे चोवीस पटींनी अधिक उष्णतावाहक आहे. केस एकमेकांस चिकटले, हवेचा थर गेला, आणि घोड्याचे आवरण होते न होते सारखेच झाले.

हानी किती होते याचा ढोबळ हिशेब करता येतो. एक लिटर घामाचे बाष्प होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. अडीचशे किलोग्रॅम वजनाचा घोडा विसाव्यात असताना तासाला अदमासे अडीचशे किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. सूर्यास्ताच्या वेळी केसांत लिटरभर घाम राहिला आणि तो दोन तासांत अंगावरच वाळला, तर त्या दोन तासांत शरीरात निर्माण झालेली उष्णता जवळजवळ सगळी त्यातच जाते. यातील काही भाग भोवतालच्या हवेतून मिळतो आणि काही उष्णता तशीही बाहेर जावयाचीच असते. म्हणून हा सर्व तोटाच असे म्हणणे बरोबर होणार नाही. तथापि घोडा कुडकुडतो तो पहाटे पाचला कोरडा असताना नव्हे, तर सायंकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओला असताना, याचा उलगडा या आकड्यांवरून होतो.

येथे भूरचनेचाही विचार करावा लागतो. सूर्य मावळल्यावर उतारावरील हवा निवते, जड होते आणि पाण्यासारखी दरीकडे वाहत जाते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी यांची खोरी दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली असल्याने निरभ्र व निर्वात रात्री ही थंड हवा नदीकाठच्या सखल शेतांत साचते. तेथेच दव अधिक पडते व धुकेही दाटते. पाण्याच्या सोयीसाठी मुक्काम नदीच्या अगदी काठाशी पडतो, आणि ओल्या घोड्याला त्या खोऱ्यातील सर्वांत थंड जागी रात्र काढावी लागते. पाणी पाजून झाल्यावर त्याच घोड्याला थोड्या उंचीवरच्या माळावर बांधले तर पुष्कळ फरक पडतो. यास खर्च काहीच नाही.

मेंढपाळांच्या रूढ दिनक्रमात या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आलेले आहे. सकाळी बिऱ्हाड घोड्यांवर लादून बायका पुढच्या मुक्कामाकडे निघतात व पुरुष कळप चारीत मागून येतात. साधारणतः उन्हे कलण्यापूर्वी वाडा नव्या जागी पडतो, ओझी उतरतात आणि घोडे मोकळे होतात. कळपासाठी व स्वयंपाकासाठी बसविलेल्या या वेळापत्रकाचा लाभ घोड्यालाही मिळतो, कारण त्याच्या पाठीवर तीन-चार तासांचे ऊन पडते व सूर्यास्ताला तो कोरडा असतो. अडचण येते ती हा क्रम मोडतो तेव्हा. चराईची जागा नाकारली गेली, रस्त्यावर वाहनांची गर्दी झाली किंवा घाटातच उशीर झाला, की घोडा अंधारात मुक्कामी पोहोचतो. अशा वेळी घोडा आजारी पडला तर त्याच्यावरील संसार दुसऱ्या दिवशी कोणी वाहावयाचा, हा प्रश्न एका जनावरापुरता राहत नाही. सारा वाडा अडकून पडतो.

वरातीच्या घोडीचा प्रकार निराळा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पौषात ती बहुधा थांबते व माघात पुन्हा भर येतो. म्हणजे तिच्या कामाचे दिवस नेमके पूर्ण वाढलेल्या केसांचे. वरात निघते सायंकाळी वा रात्री. घोडीच्या अंगावर जरीकाम केलेली, कृत्रिम धाग्याची मखमली झूल असते, जिच्यातून वाफ बाहेर पडत नाही. शिवाय घोड्याच्या घर्मग्रंथी ॲड्रेनलिनने चेतविल्या जातात. त्यामुळे श्रमाइतकाच भीतीनेही त्याला घाम येतो. बँड, फटाके व गर्दी यांच्यामध्ये जागच्या जागी नाचविलेली घोडी अर्ध्या तासात मैलोगणती चालल्यासारखी भिजते. वरात संपते, झूल काढून गाठोडे बांधले जाते आणि घोडीला उघड्या टेंपोत उभी करून घरी नेतात. चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात, दहा-बारा अंश तापमानात, मुळापासून भिजलेल्या केसांनी केलेला हा तासाभराचा प्रवास धनगराच्या घोड्याने साऱ्या हिवाळ्यात काढलेल्या रात्रींपेक्षा अधिक कठीण असतो. नसरापूर किंवा भोर येथून डोंगरातील गावाकडे परतताना अर्धा तास थांबून घोडी कोरडी करणे आणि टेंपोची वाऱ्याकडील बाजू बंद करणे एवढे केले तरी संकट टळते. परंतु त्या वेळी रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि माणसेही थकलेली असतात, हेही विसरून चालणार नाही.

मुख्य सूत्र असे की आधी कोरडे करावे, मग झाकावे. हा क्रम उलटला की पांघरूण हेच अपायाचे साधन होते. ओल्या केसांवर प्लॅस्टिकचा कागद वा ताडपत्री टाकली तर आतली वाफ तेथेच थिजते आणि पहाटेपर्यंत घोडा ओलाच राहतो. काम संपताना शेवटचा पाव-अर्धा कोस सावकाश चालवत आणावे. तंग सैल करून खोगीर काही वेळ पाठीवर राहू द्यावे व मग उतरावे. नंतर वाळलेल्या गवताचा वा भाताच्या पेंढ्याचा पिळून केलेला जाड मुठा घेऊन केसांच्या उलट दिशेने जोराने चोळावे. त्यामुळे चिकटलेले केस सुटतात व आत हवा शिरते. खरारा मात्र केस पूर्ण वाळल्यानंतरच करावा. ओल्या केसांवर खरारा फिरविल्याने ते उलट चापून बसतात व मळ त्वचेपर्यंत जातो.

झाकावयाचेच असेल तर या मुलखातील सर्वोत्तम साधन मेंढपाळाच्या खांद्यावरच असते. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी वाफ शोषून घेते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतके बाष्प ओलसर न वाटता धारण करू शकते, आणि विणीतून हवा खेळत राहते. घाम अद्याप पुरता वाळलेला नसेल तर पाठीवर पेंढ्याचा थर पसरून त्यावर घोंगडी किंवा गोणपाट सैल बांधावे. पेंढ्यामुळे केस चेपत नाहीत, वाफ वर जाते व ओल घोंगडीच्या बाहेरच्या अंगास येते. तासाभराने पेंढा झटकून टाकावा व कोरडी घोंगडी घालावी. इंग्लंडातील जुने मोतद्दारही पेंढ्याचा असाच उपयोग करीत; येथे भाताच्या खोऱ्यात तर पेंढा हाताशीच असतो. घोडा वाळला की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही. बोटे केसांत उलटी घालून त्वचेपर्यंत न्यावीत व कानांच्या मुळाशी, पुढच्या पायांमध्ये आणि जांघेत चाचपावे. पुष्कळदा वाळलेला घोडा अर्ध्या तासाने पुन्हा घामेजतो. म्हणून एकदा पाहून निश्चिंत होणे बरे नव्हे.

यंत्राने केस कातरण्याचा उपाय इंग्लंडात एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. कामाचा घोडा त्यामुळे कमी घामेजतो व लवकर वाळतो, हे खरे. पण कातरलेल्या घोड्याला रात्री छप्पर व झूल पुरविण्याची जबाबदारी मालकाने आपल्यावर ओढून घेतलेली असते. उघड्यावर रात्र काढणाऱ्या बिऱ्हाडाच्या घोड्याबाबत ती पुरी करता येत नाही. त्याचे केस कातरू नयेत. तबेल्यात राहणाऱ्या वरातीच्या घोडीचे मानेच्या खालचे, छातीचे व पोटाचे केस कातरण्यास हरकत नाही. पाठीवर खोगिराखालचे व पायांवरचे केस मात्र ठेवावेत.

घामाबरोबर मीठ जाते, हा भाग थंडीत विशेष दुर्लक्षिला जातो. माणसाच्या घामापेक्षा घोड्याचा घाम पुष्कळच खारट असतो. दर लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम क्षार बाहेर पडतात. रक्तातील पाण्याबरोबर क्षारही तितक्याच प्रमाणात गेल्यामुळे घोड्याला तहानेची जाणीव उशिरा होते. त्यात थंडीमुळे त्याचे पाणी पिणे आधीच कमी झालेले असते, आणि पावसाळ्यातील ओल्या चाऱ्याऐवजी वाळलेले गवत व कडबा सुरू झालेला असतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आतड्यात चारा कोरडा होऊन अडकतो व पोटशूळ उद्भवतो. ही थंडीतील खरी आपत्ती होय; ‘गारठा बाधला’ असे जिचे निदान होते ती पुष्कळदा पाण्याच्या अभावी झालेली असते. रोजच्या चंदीत बारा-पंधरा ग्रॅम मीठ घालावे व घाम आला असेल त्या दिवशी ते दुप्पट-तिप्पट करावे. दमलेल्या घोड्याला पाणी पाजू नये अशी जुनी ताकीद आहे. चालवून श्वास शांत केलेल्या घोड्याला पाणी नाकारण्यास आजच्या ज्ञानात आधार सापडत नाही. पाणी पाजण्याची उत्तम वेळ दुपारची.

उबेसाठी चंदी वाढवावी, आणि त्यातही बाजरी ‘उष्ण’ म्हणून द्यावी, असा एक समज आहे. वस्तुतः घोड्याला आतून ऊब मिळते ती चाऱ्यातील तंतूंपासून. मोठ्या आतड्यात जिवाणूंकडून ते आंबविले जात असताना कित्येक तास उष्णता निघत राहते. तेव्हा थंड रात्री हरभऱ्याचे माप वाढविण्याऐवजी गवताची एक पेंडी अधिक टाकणे श्रेयस्कर.

मकरसंक्रांतीनंतर दिवस मोठा होत चालल्याची वार्ता त्वचेपर्यंत पोहोचते व जानेवारीच्या अखेरीपासून केस सुटू लागतात. पहाटे अद्याप गारच असतात, पण त्यामुळे केस राखले जात नाहीत. या दिवसांत सुटलेले केस व वाळलेल्या घामाचे क्षार मिळून खोगिराखाली टणक गाठी होतात आणि ओझ्याच्या दाबाने पाठ सोलली जाते. म्हणून वर्षातील इतर कोणत्याही काळापेक्षा आता रोज खरारा करून पाठ व खोगिराची खालची बाजू झाडून घेणे अगत्याचे आहे. चैत्र उलटला तरी एखाद्या म्हाताऱ्या घोड्याचे लांब, कुरळे केस तसेच राहिले तर ती थंडीची खूण समजू नये. पिट्युइटरी ग्रंथीचा विकार झाल्याचे ते लक्षण असते आणि अशा घोड्याला उन्हाळ्यात पशुवैद्याकडे नेले पाहिजे. पाठीवरील दाबाच्या जखमा भरून आल्या तरी तेथील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात व पुढे त्या जागी पांढरेच केस उगवतात. ओझ्याच्या घोड्याच्या वशिंडाजवळ असे किती पांढरे ठिपके आहेत हे पाहून जाणता माणूस त्याची मागील हिवाळ्यांतील निगा कशी राखली गेली ते सांगू शकतो.